२३२५ क्रमांकाचं अक्षर

संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. मराठीतला ‘क’ नाही आणि इंग्रजीतला ‘ए’सुद्धा नाही. त्याच्या पोटात कुठेही अक्षर, चित्र किंवा गाणं साठवलेलं नसतं. तिथे फक्त संख्या असतात आणि त्याही शून्य व एक या दोनच खुणांनी मांडलेल्या. तरीही कोट्यवधी माणसं रोज फोनवर मराठीत निरोप पाठवतात, बातम्या वाचतात, सातबारा उघडून पाहतात. संख्यांपलीकडे काही न कळणाऱ्या यंत्राला हे कसं साधतं, ते समजून घ्यायचं तर एका अक्षराचा माग काढला तरी पुरतं. कळ दाबल्यापासून पडद्यावर ‘क’ उमटेपर्यंत सेकंदाचा लहानसा अंश जातो. तेवढ्यात संगणकाचा जवळजवळ प्रत्येक भाग कामाला लागून गेलेला असतो.

कीबोर्डच्या कळांखाली आडव्या-उभ्या तारांचं जाळं असतं आणि प्रत्येक कळ दोन तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बसवलेली असते. कीबोर्डमधली एक छोटी चिप या जाळ्यावरून सेकंदाला शेकडो वेळा नजर फिरवते. कळ दाबली की दोन तारा जुळतात आणि कुठली आडवी, कुठली उभी यावरून कळेचा क्रमांक ठरतो. धातूचे दोन भाग एकमेकांना टेकताना क्षणभर थरथरतात, त्यामुळे एकदा दाबलेली कळ यंत्राला अनेकदा दाबल्यासारखी वाटू शकते. म्हणून ही चिप काही मिलिसेकंद थांबून खात्री करते आणि मगच संगणकाला कळवते, की अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली. ‘क’ दाबला, असं ती कधीच सांगत नाही.

फोनवर कळाच नसतात. काचेखाली पारदर्शक वाहक रेषांचं जाळं असतं आणि त्यावर सतत थोडा विद्युतभार खेळवलेला असतो. बोट विजेचं वाहक असल्यामुळे ते टेकलं की त्या जागचा भार बदलतो. फोनला कळते ती जागा, म्हणजे पडद्याच्या डावीकडून इतकं आणि वरून इतकं. त्या जागी या घडीला कुठल्या अक्षराचं चित्र दाखवलं आहे, हे ताडून पाहणं हे पुढचं काम.

कळेची संख्या आणि अक्षराची संख्या यांची सांगड घालणारा तक्ता संगणकाच्या कार्यप्रणालीत असतो. भारतीय भाषांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी १९८० च्या दशकात सरकारी पातळीवर ठरवण्यात आली. तिच्यात स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला येतात. ज्या कळेवर इंग्रजी ‘के’ छापलेला असतो तिथेच ‘क’ आहे. कार्यप्रणाली तक्ता पाहते आणि त्या कळेच्या बदल्यात एक संख्या पुढे पाठवते : २३२५. संगणकाच्या जगात ‘क’ची ओळख एवढीच.

दोन खुणांमध्ये ही संख्या १००१०००१०१०१ अशी दिसते. प्रत्येक ‘एक’ म्हणजे वीज आहे, प्रत्येक ‘शून्य’ म्हणजे ती नाही किंवा अगदी कमी आहे. संगणक बनवणाऱ्यांनी दोनच खुणा का निवडल्या? दहा अंकांसाठी विजेच्या दहा पातळ्या ठेवता आल्या असत्या, पण तारेतली वीज कधीच अगदी स्थिर नसते, आणि सातवी पातळी आहे की आठवी याचा घोळ झाला असता. आहे की नाही एवढंच विचारलं, तर चूक होण्याची शक्यता फार कमी उरते.

या दोन खुणांवर विचार कसा उभा राहतो, हे क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने १९३७ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं. जॉर्ज बूल या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ‘खरं’ आणि ‘खोटं’ यांचं बीजगणित मांडलं होतं. शॅननच्या लक्षात आलं की विजेच्या स्विचांची जोडणी नेमकं हेच बीजगणित पाळते. दोन स्विच एकापुढे एक जोडले तर दोन्ही चालू असतील तेव्हाच वीज जाते. तेच शेजारी शेजारी जोडले तर एक चालू असला तरी पुरतो. पहिली जोडणी म्हणजे ‘आणि’, दुसरी म्हणजे ‘किंवा’. त्यांच्या जोडीला ‘नाही’ म्हणणारी तिसरी जोडणी घेतली की बेरीज, वजाबाकी, तुलना, सगळं बांधता येतं. विसाव्या शतकातली इतकी साधी आणि इतकी दूरवर पोचलेली दुसरी कल्पना शोधायला वेळ लागेल.

प्रश्न होता तो स्विचांचा. आधी काचेच्या निर्वात नळ्या वापरत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला ‘टिफ्रॅक’ हा भारतात बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा संगणक याच जातीचा. प्रा. आर. नरसिंहन यांच्या चमूने तो उभा केला आणि त्याचं नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी जाहीर केलं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि प्रत्येकी ४० खुणांच्या २,०४८ संख्या लक्षात ठेवण्याएवढी स्मृती होती. हा लेख त्या स्मृतीत मावला नसता. पण बाजारात तयार संगणक मिळणं दुरापास्त असताना मुंबईतल्या तरुण शास्त्रज्ञांनी तो स्वतः जुळवला, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

निर्वात नळीची जागा घेणारा ट्रान्झिस्टर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी चालवून दाखवला. अर्धवाहक पदार्थाचा हा तुकडा म्हणजे हलणारा एकही भाग नसलेला स्विच. एका टोकाला थोडी वीज दिली की दुसऱ्या वाटेने वीज वाहू लागते, काढून घेतली की थांबते. पुढे असे अनेक ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच चकतीवर कोरण्याची विद्या आली. १९७१ मध्ये इंटेलने विकायला काढलेल्या ४००४ या प्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज खिशातल्या महागड्या फोनच्या चिपवर ते हजार कोटींहून जास्त असतात.

‘क’ची कळ दाबल्याची वर्दी प्रोसेसरकडे पोचते तेव्हा तो दुसऱ्याच कामात असतो. तो हातातलं काम कुठवर आलं याची नोंद करतो, कळेचा हिशेब मिटवतो आणि पुन्हा जुन्या कामाकडे वळतो. त्याची पद्धत कधी बदलत नाही. स्मृतीतून पुढची आज्ञा आणायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची. या आज्ञाही संख्याच असतात. एक संख्या ‘बेरीज कर’ म्हणून वाचली जाते, दुसरी ‘तुलना कर’ म्हणून. आलेला क्रमांक तक्त्यातल्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहायलाही प्रोसेसर एकातून दुसरा वजा करतो आणि बाकी शून्य आली का ते बघतो. हे सगळं घड्याळाच्या ठोक्यावर चालतं. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो, म्हणून चिप लहान ठेवावीच लागते.

२३२५ ही संख्या आता रॅममध्ये, म्हणजे कामचलाऊ स्मृतीत जाऊन बसते. तिथे प्रत्येक खुणेसाठी एक अतिसूक्ष्म धारित्र असतं. विजेने भरलेलं असेल तर एक, रिकामं असेल तर शून्य. पण हे धारित्र गळक्या घागरीसारखं असतं. त्यातली वीज सतत झिरपून जाते, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत संपूर्ण स्मृती वाचून पुन्हा भरावी लागते. लाइट गेली की हे भरणं थांबतं आणि जतन न केलेला मजकूर जातो. ‘सेव्ह’ केलं की तो फ्लॅश स्मृतीत किंवा डिस्कवर उतरतो. फ्लॅशमध्ये इलेक्ट्रॉन विद्युतरोधकाच्या वेढ्यात अडकवून ठेवलेले असतात आणि वीज नसतानाही ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

इथवरचा प्रवास कुठल्याही भाषेत असाच होतो. पण ‘क’ म्हणजे २३२५ हे ठरवलं कुणी?

सिलिकॉनमध्ये असं काहीच नाही की ज्यावरून ‘क’ला हा आकडा मिळावा. तो माणसांनी बसून ठरवला आहे, आणि माहिती तंत्रज्ञानाचा पायाच अशा संकेतांचा आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये ‘आस्की’ हा संकेत आला. त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही यांत्रिक आज्ञा यांत त्या संपल्या. इंग्रजी मोठ्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक मिळाला. देवनागरीला तिथे जागा नव्हती. पुढे २५६ जागा वापरात आल्या, तरी जोडाक्षरांसह मराठी त्यात बसणं अवघड होतं.

मग पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत एक तोड निघाली. संख्या इंग्रजी अक्षरांच्याच ठेवायच्या, पण फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या चित्राच्या जागी मराठी चित्र बसवायचं. संगणकाला वाटायचं ‘ए’ लिहिला आहे, कागदावर मात्र मराठी अक्षर छापलं जायचं. जागा कमी म्हणून अक्षरांचे तुकडे करावे लागत. अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, आणि वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची. अशा फाँटवर मराठीत असंख्य पुस्तकं, नियतकालिकं, लग्नपत्रिका छापल्या गेल्या. खिळे जुळवण्याच्या कष्टांतून सुटलेल्या छापखान्यांना ती मोठी सोय होती आणि तिचं मोल कमी लेखता येणार नाही.

त्याची किंमत पुढे कळली. प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने तुकड्यांची मांडणी आपल्या मनाने केली होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे मराठी लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटायचा. आणि सगळ्यात मोठं नुकसान असं, की तो मजकूर शोधता येत नव्हता. यंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच. वर्षानुवर्षांचं लेखन त्या फायलींमध्ये अडकून पडलं. ते सोडवण्यासाठी एकेका फाँटचे तक्ते बनवून रूपांतरकं लिहावी लागली. आजही जुन्या पीडीएफमधला मराठी परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा असा कचरा हाती येतो, त्याचं कारण हेच.

यावरचा खरा इलाज म्हणजे मराठीला तिचे स्वतःचे क्रमांक मिळणं. आयआयटी कानपूरमध्ये या दिशेने काम सुरू झालं आणि ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलं. तिथल्या ‘जिस्ट’ कार्डामुळे साध्या संगणकावर भारतीय लिप्या उमटू लागल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा संकेत प्रमाणित केला. त्यातली दृष्टी फार पल्ल्याची होती. भारतातल्या ब्राह्मीजन्य लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे ओळखून सगळ्या लिप्यांतल्या ‘क’ला एकच क्रमांक दिला होता. लिपी बदलली तरी संख्या तीच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच यादी करू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने इस्कीची मांडणी आधाराला घेतली. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. इतर भारतीय लिप्यांना वेगळे विभाग दिले, पण आतला क्रम तसाच ठेवला. त्यामुळे ‘क’च्या २३२५ मध्ये १२८ मिळवले की बंगाली ‘क’चा क्रमांक येतो, २५६ मिळवले की गुरुमुखीचा, ३८४ मिळवले की गुजरातीचा. भारतीय लिप्यांचं जुनं नातं आज जगभरच्या संगणकांत साध्या बेरजेच्या रूपात नांदतं आहे.

मोठ्या संख्या साठवायच्या कशा, हा प्रश्न उरला होता. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना ताटाखालच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ची जुळणी मांडली. आजच्या इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर याच पद्धतीने साठवला जातो. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे शून्य-एकच्या आठ खुणांचा एक गट, लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. साध्या एसएमएसची पद्धत वेगळी, पण विषमता तीच. १४० बाइटच्या एका निरोपात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, मराठीत लिहिलं तर ७० च चिन्हं. आधी आलेल्यांनी जवळच्या जागा घेतल्या, त्याचा हा परिणाम.

संख्या साठली, आता ती दिसायला हवी. देवनागरीची खरी परीक्षा इथेच होते. इंग्रजीत एका संख्येला एक चित्र काढलं की बहुतेक काम भागतं. मराठीत ‘क्ष’ लिहिताना संगणकाकडे तीन संख्या असतात : २३२५ हा क, २३८१ ही पाय मोडण्याची खूण, २३५९ हा ष. या तिघांचं मिळून एकच चित्र दाखवायचं असतं. ‘कि’मध्ये आधी क साठतो, मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे काढावी लागते. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे नियम पाळणारा एक खास प्रोग्रॅम संख्यांची रांग हातात घेतो, त्यांची जागा बदलतो आणि फाँटमधून योग्य जोडाक्षर निवडतो. युनिकोड आल्यानंतर विंडोज २००० मध्ये देवनागरी पहिल्यांदा अशी अंगभूत आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मराठीतले कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक होते. बोरूने अक्षर वळवणाऱ्या हाताने संगणकाच्या अक्षरांना वळण दिलं.

मराठीचे काही हट्ट हिंदीहून वेगळे आहेत आणि ते पुरवायलाच हवेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्हींतला र एकच मानला तर हा भेद पडद्यावरून पुसला जातो. म्हणून दुसऱ्या र साठी २३५३ हा स्वतंत्र क्रमांक वापरतात. हेच अक्षर साधा र आणि त्यामागे नुक्ता अशा दोन संख्यांनीही लिहिता येतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. ‘ॲ’ची कथा आणखी वेगळी. हिंदीत ‘ऍ’ लिहितात, मराठीत अ वर चंद्र देतात. या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये २४१८ हा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर ‘ॲसिड’ आणि ‘ॲडव्होकेट’ मराठी वळणाने लिहायला धड सोय नव्हती. रुपयाच्या चिन्हाला मात्र थांबावं लागलं नाही. केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये ₹ स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडच्या नव्या आवृत्तीत आलं. मागणी नीट मांडली आणि पाठपुरावा केला की ही यादी वाढते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसतं.

शेवटची पायरी पडद्याची. फाँटमध्ये ‘क’ हा वक्ररेषांच्या सूत्रांच्या रूपात असतो, म्हणून तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. संगणक त्या रेषा ठिपक्यांच्या जाळ्यावर टाकतो आणि कुठला ठिपका अक्षराच्या आत पडतो ते मोजतो. कडेवरच्या ठिपक्यांना अर्धवट छटा देतो, म्हणून गोलाई डोळ्यांना सलग वाटते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात, प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे, आणि सगळं चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने मांडलं जातं.

हाच ‘क’ व्हॉट्सॲपवरून परदेशातल्या भावाला पाठवला तरी त्याचं चित्र प्रवास करत नाही. जातात ते तीन बाइट. त्यांना कुलूपबंद करून, पत्ता लावून, लहान गठ्ठ्यात घालून काचेच्या तंतूंमधून प्रकाशाच्या रूपात समुद्राखालून पाठवलं जातं. पलीकडचा फोन आपल्या तक्त्यात २३२५ शोधतो आणि आपल्या फाँटने ‘क’ काढतो.

अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे काम संपलं असं मात्र होत नाही. मोडी लिपीचं उदाहरण ताजं आहे. अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र विभाग मिळाला. आता मोडीत टंकता येतं. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले लाखो कागद हाताने लिहिलेले आहेत. त्यांचे फोटो काढले तरी संगणकाच्या लेखी ते फक्त फिकट-गडद ठिपके असतात. त्यात गावाचं नाव शोधता येत नाही, सनावळी लावता येत नाही. चित्रातलं अक्षर ओळखून त्याला क्रमांक देणारे प्रोग्रॅम आज बनवता येतात, पण मोडीत लेखणी न उचलता अक्षरं जोडलेली असतात, शब्द वेगळे नसतात आणि प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. असा प्रोग्रॅम शिकवायचा तर आधी हजारो ओळी मोडी वाचणाऱ्या माणसांनी वाचून, एकेका अक्षरासमोर त्याची देवनागरी लिहून द्यावी लागते. मोडी उलगडणारे डोळे थोडे आणि बहुतेक उतारवयातले, त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर ढकलण्यासारखं नाही. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत आणि इतरत्र अजून भरतात. तिथे शिकणाऱ्यांनी रोज उतरवलेली पानं युनिकोडमध्ये, मूळ कागदाच्या फोटोसह, नीट जपून ठेवायला आजपासून सुरुवात करता येईल.